गस्त आणि तपास

पोलिसांचा बोलपट म्हटला म्हणजे बहुतेक प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. मध्यरात्री खून पडतो. सकाळी डिटेक्टिव्ह येतो. विडीचे थोटूक, चिखलातील पाऊल, फाटलेली चिठ्ठी अशा क्षुल्लक वस्तूंवरून तो अंदाज बांधीत जातो, आणि शेवटच्या रिळात गुन्हेगाराच्या मनगटात बेडी पडते. ह्या चित्रात गणवेशातील साधा शिपाई कोठे असतो? तो दाराशी उभा असतो, बघ्यांची गर्दी हटवितो, आणि साहेब आले म्हणजे टाच जुळवून सलाम करतो. गोष्ट साहेबांची असते. शिपाई हा केवळ देखाव्याचा भाग असतो.

मराठीत मात्र एक बोलपट असा झाला की ज्यात ही मांडणी नेमकी उलटी आहे. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३९ साली काढलेल्या 'माणूस' ह्या बोलपटाचा नायक डिटेक्टिव्ह नव्हे, फौजदारही नव्हे. तो गणपत नावाचा पोलीस शिपाई आहे. त्या कथेत खून आहे, अटक आहे, शिक्षाही आहे. पण खुनी कोण हे कोडे त्यात मुळीच नाही. असे असूनही आज इतक्या वर्षांनी त्याचे नाव निघते, ह्याचे कारण काय असावे? ते समजून घ्यावयाचे तर पोलिसांच्या कामाची दोन अंगे, एक गस्त व दुसरे तपास, ही प्रथम वेगवेगळी करून पाहिली पाहिजेत. त्यासाठी मुंबईच्या गजबजाटापेक्षा बारामती-इंदापूरचा मुलूख अधिक सोयीचा आहे; कारण शहराच्या गर्दीत जे एकमेकांत मिसळून जाते ते तेथे माळावरच्या झाडाप्रमाणे सुटे सुटे दिसते.

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला हे दोन तालुके वसलेले आहेत. बारामती गावाशेजारून कऱ्हा वाहते. दक्षिणेच्या अंगाला नीरा आहे, आणि तिच्या पलीकडे सातारा व सोलापूर हे जिल्हे लागतात. इंदापूरच्या पलीकडच्या अंगाला भीमा, आणि आता तिच्यावरील उजनी धरणाचा विस्तीर्ण फुगवटा. नरसिंहपूर येथे नीरा भीमेला मिळते. भाविकाच्या दृष्टीने हा संगम तीर्थ होय. पोलिसाच्या दृष्टीने ती हद्द होय. होडीत बसून नदी ओलांडली की जिल्हा बदलतो, ठाणे बदलते, आणि कागदोपत्री अधिकारही बदलतो. 'हा गुन्हा आमच्या हद्दीतला नव्हे' हे वाक्य अशा सीमेवरील माणसांच्या परिचयाचे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी खबर नोंदवून घेण्याचे बंधन ठाण्यावर स्पष्ट शब्दांत घातले आहे. नदीने केलेली अडचण कायद्याने दूर करण्याचाच तो यत्न म्हणावयाचा.

ह्या मुलखात इंदापूर, भिगवण, वालचंदनगर, बारामती, वडगाव निंबाळकर अशी ठाणी आहेत, आणि त्या सर्वांवर पुणे ग्रामीण पोलिसांचा अंमल चालतो. ठाण्याचा मुलूख लहान लहान भागांत वाटून दिलेला असतो. अशा एका भागाला बीट म्हणतात, आणि तो सांभाळणाऱ्यास बीट अंमलदार. त्याने गावोगाव फिरावे, कोणाचा बांधावरून तंटा चालला आहे, कोठे भाऊबंदकी पेटली आहे, जत्रेत कोण नवखा आला आहे, ह्याची माहिती ठेवावी, हे त्याचे काम. ह्याच कामाला गस्त म्हणतात. खेड्यातील जुना शब्द रोंद. गुन्हा घडून गेल्यावर जे सुरू होते तो तपास. पंचनामा, जबान्या, ठसे, मुद्देमाल ह्यांची जुळणी करून न्यायालयापुढे आरोप उभा करणे हे त्याचे स्वरूप. मोठ्या गुन्ह्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा असते. बोलपटातील डिटेक्टिव्हाचे ते वास्तवातील घर होय.

गावात पोलिसांचा आणखी एक दुवा आहे, तो पोलीस पाटील. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने त्याचे काम बांधून दिले. पुढे १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेची पाटीलकी गेली, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने नेमणुकीचा, मानधनावर काम करणारा पोलीस पाटील आला. गावातील गुन्ह्यांची व शांततेची खबर वर कळविणे, गुन्हा घडू न देणे, आणि पोलीस आले असता त्यांना साह्य करणे ही त्याची कर्तव्ये. तो गावचाच रहिवासी असतो. ज्याच्याविषयी खबर द्यावयाची तो कदाचित त्याचा शेजारी असतो, कदाचित सोयराही असतो. गस्तीचे सामर्थ्य आणि गस्तीचे संकट ही दोन्ही ह्या एका गोष्टीत आहेत: तिला माणसांची ओळख असते.

तपासाला ओळख नसते, आणि नसावी असाच संकेत आहे. तपास गुन्ह्यापासून निघतो आणि माणसापर्यंत पोचतो. गस्त माणसांपासून निघते, आणि गुन्ह्यापर्यंत पोचण्याची वेळच येऊ नये म्हणून झटते. आषाढ वारीचे उदाहरण घ्यावे. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर ह्या वाटेने सराटीस येते आणि तेथून नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात जाते. बेलवाडीस गोल रिंगण होते. घोडा धावतो, आणि त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी माणसांची लाट उसळते. त्या वेळी दोर धरून उभा राहिलेल्या शिपायाचे यश कशात असते? चेंगराचेंगरी झाली नाही, मूल हरवले नाही, कोणाच्या गळ्यातील सोने गेले नाही, म्हणजे थोडक्यात काही घडले नाही, हेच त्याचे यश. तपासाचे फळ न्यायालयात मांडून दाखविता येते. गस्तीचे फळ दाखविता येत नाही, कारण ते न घडलेल्या गोष्टींचे बनलेले असते.

बोलपटवाले डिटेक्टिव्हावर लुब्ध का होतात, ह्याचे उत्तर येथेच आहे. पडद्यावर घडलेले दाखविता येते. न घडलेले कसे दाखवावे? बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी मराठी वाचकांच्या पिढ्या भारून टाकल्या, त्या धाडसी शोधांच्या बळावर; नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या बळावर नव्हे. इतर देशांतही असेच झाले. १९४८ साली अमेरिकेत पोलिसांचे दोन बोलपट निघाले व दोन्ही गाजले. पहिला 'द नेकेड सिटी'. ज्यूल्स डॅसिन ह्यांनी तो स्टुडिओ सोडून न्यूयॉर्कच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर चित्रित केला. त्यात म्हातारा लेफ्टनंट मल्डून आणि त्याचा तरुण सहकारी हॅलोरन हे एका तरुणीच्या खुनाचा माग काढतात. हॅलोरन दारोदार, दुकानोदुकानी हिंडतो; बूट झिजवून शोध लावावा लागतो हे त्या बोलपटाने प्रेक्षकांना पटविले. दुसरा 'ही वॉक्ड बाय नाइट'. कॅलिफोर्नियातील एका पोलिसाच्या खऱ्या खुनावरून तो सुचलेला होता. निरनिराळ्या साक्षीदारांच्या आठवणींचे तुकडे जोडून गुन्हेगाराचा चेहरा तयार करण्याचा प्रसंग त्यात आहे, आणि शेवट शहराच्या पोटातील पर्जन्यजलाच्या प्रचंड नळांत होतो. त्यात काम करणाऱ्या जॅक वेब ह्या नटाला त्यावरूनच 'ड्रॅगनेट' ही कल्पना सुचली, आणि १९४९ मध्ये ती प्रथम आली ती पडद्यावर नव्हे, तर रेडिओवर. श्रोत्यांच्या कानांना पोलीस ठाण्याच्या रोजच्या कामकाजाची गोडी लावणारा तो कार्यक्रम ठरला.

हे सर्व तपासाचे बोलपट होत. त्यांच्यातही गस्तीचा शिपाई आहे. परंतु एकात तो पळणाऱ्याला अडविणारा हात म्हणून येतो, तर दुसऱ्यात गोळी लागून पडणारा देह म्हणून. त्याला स्वतःचे मन असते हे सांगावयास तेथे सवड नाही. ह्याच्या नऊ वर्षे आधी पुण्यात जे झाले त्याचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर अधिक उठून दिसते.

'माणूस'चे दिग्दर्शन व्ही. शांताराम ह्यांचे, संवाद अनंत काणेकरांचे, संगीत मास्टर कृष्णरावांचे. 'आदमी' ह्या नावाने त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. गणपतची भूमिका शाहू मोडक ह्यांनी केली. हेच मोडक १९३२ च्या 'श्यामसुंदर'मध्ये बालकृष्ण झाले होते, आणि पुढे १९४० मध्ये प्रभातच्याच 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानेश्वर झाले. देवाची व संताची भूमिका शोभणाऱ्या चेहऱ्यावर प्रभातने मध्येच एकदा शिपायाची टोपी ठेविली, ही निवड विचार करावयास लावणारी आहे. मैनेची भूमिका शांता हुबळीकर ह्यांची. तिच्या तोंडचे, अनेक भाषांतील कडव्यांचे गाणे त्या काळी घराघरांत जाऊन पोचले.

कथा साधी आहे. वेश्यावस्तीवर पोलिसांची धाड पडते. त्या गडबडीत गणपत मैनेला अटकेतून वाचवितो. ओळख वाढते, जिव्हाळा जडतो, आणि तिला त्या जीवनातून बाहेर काढण्याचा ध्यास तो घेतो. मैनेलाही ते हवे आहे. पण आपल्या नावाला चिकटलेला डाग आपल्या आधी प्रत्येक दारी जाऊन उभा राहतो, हे तिला अनुभवाने ठाऊक आहे. गणपत तिला आपल्या आईकडे नेतो. सुंदराबाईंनी रंगविलेली ती भाविक म्हातारी अखेर तिला आपली म्हणते. आणि नेमका तोच चांगुलपणा मैनेला पेलत नाही. ती निघून जाते. पुढे तिच्या दुष्ट मामाचा तिच्या हातून खून होतो. ती पकडली जाते. गणपत तिला कोठडीतून सोडवावयास तयार होतो. ती नकार देते, आणि शिक्षा पत्करते.

ह्यात कोडे नाही, पाठलाग नाही. एका ठिकाणी तर हे दोघे चित्रीकरण चाललेल्या जागी येऊन पोचतात, आणि तेथील गुळगुळीत प्रेमसंवादांची मनसोक्त थट्टा होते. आपण सांगत आहो ती गोष्ट निराळी आहे, हे जणू त्या थट्टेतून सुचविले आहे. चार वर्षे आधी, १९३५ मध्ये, 'देवदास' येऊन गेला होता, आणि प्रेमात खचलेल्या नायकाने झुरून मरावे हा पायंडा पडला होता. 'माणूस' हे त्याला दिलेले उत्तर होय असे पुष्कळ अभ्यासक मानतात. कारण गणपत मरत नाही. त्याला जगावयाचे आहे, आणि उद्या पुन्हा कामावर उभे राहावयाचे आहे.

परंतु ह्या बोलपटाचे खरे मर्म गस्त आणि तपास ह्यांच्या भेदात आहे. खून झाला तेव्हा तपासाच्या दृष्टीने सारे स्पष्ट आहे: मेलेला कोण, मारणारी कोण, ह्यात शंका नाही. न्यायाधीशाने दिलेली शिक्षा कायद्याला धरून आहे. तरीही प्रेक्षकाचे समाधान होत नाही. कारण प्रेक्षकाने गणपतच्या मागून गस्त घातलेली असते. मैना खुनी होण्यापूर्वी कोण होती, तिला किती दारे बंद होती, कोणते दार उघडूनही तिला आत जाता आले नाही, हे त्याने पाहिलेले असते. गणपतला मैना जितकी कळली आहे तितकी कोणालाच कळलेली नाही. पण ओळख म्हणजे पुरावा नव्हे, आणि म्हणून न्यायालयाच्या दारात त्या ओळखीचे मोल शून्य होते. गणवेशातील माणसाला त्या क्षणी मोह होतो तो कुलूप उघडण्याचा. आणि त्याला कर्तव्यावर परत ठेवते कोण? वरिष्ठ नव्हे, कायद्याचे पुस्तकही नव्हे. जिला समाजाने पतित म्हणून टाकले तीच बाई. कायद्याची बूज ह्या कथेत आरोपी राखते, हा त्या बोलपटाचा सर्वांत धीट विचार होय.

हा भेद केवळ पडद्यावरचा आहे असे कोणी समजू नये. बारामती तालुक्यातील सुपे ह्या गावाने तो फार पूर्वी अनुभविला आहे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तेथे शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेला. त्यांना हवी होती ती कर्जाची खते आणि वह्या. हाती लागतील तेवढ्या त्यांनी जाळल्या. दंग्याचे हे लोण पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. तपासाचा प्रश्न होता: जाळले कोणी? त्याचे उत्तर सोपे होते, आणि पुष्कळांना पकडण्यातही आले. पण त्या उत्तराने काही उलगडा होईना. तेव्हा सरकारला आयोग नेमावा लागला, आणि आयोगाला दुसराच प्रश्न विचारावा लागला: ही आग गावात केव्हापासून धुमसत होती? उत्तर होते कर्ज, घसरलेला भाव, वाढलेला सारा आणि निरक्षर कुणब्याने न वाचता दिलेले अंगठे. १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साह्याचा कायदा त्यातून आला. सुप्याच्या बाजारात दर आठवड्याला हिंडणाऱ्या डोळस शिपायाला ही धग आधीच जाणवली नसेल काय? गस्त म्हणजे काय, ह्याचे उत्तर त्या प्रश्नात आहे.

मात्र ओळखीला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. माणसाला ओळखणे आणि माणसावर शिक्का मारणे ह्यांत अंतर थोडे आहे. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींत जन्म झाला एवढ्याच कारणाने माणूस संशयित ठरू लागला. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही आणण्याचा मार्ग मोकळा झाला. पारध्यांसारख्या समाजांच्या वाट्याला हजेरी आली. न विचारता गाव सोडता येईना. इंदापूरपासून जवळच सोलापुरास तारेच्या कुंपणात वसविलेली वसाहत पुढे प्रसिद्धीस आली. आश्चर्य असे की त्याच सरकारने एका वर्षाने, १८७२ मध्ये, पुराव्याचा कायदा केला, आणि त्यात स्पष्ट नियम घातला: आरोपीची चालचलणूक वाईट आहे ही गोष्ट फौजदारी खटल्यात, त्याने स्वतः आपल्या चांगुलपणाचा पुरावा दिल्यावाचून, विचारात घ्यावयाची नाही. म्हणजे न्यायालयाच्या आत माणसाचे कृत्य पाहावयाचे, आणि न्यायालयाबाहेर माणसाची जात! १८७१ चा तो मार्ग ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. १८७२ चा नियम आजही, २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात, कायम आहे. कायद्याच्या पुस्तकातून शिक्का गेला. गस्त घालणाऱ्याच्या, पोलीस पाटलाच्या आणि गावकऱ्याच्या मनातून तो कितपत गेला, हे ज्याने त्याने तपासून पाहावे. गावात चोरी झाली की पहिली नजर कोणत्या पालाकडे वळते, एवढे पाहिले तरी पुरे.

मैनेची गोष्ट ह्याच शिक्क्याची गोष्ट आहे. तिला जन्मठेप झाली ती खुनाबद्दल. पण खुनाच्या किती तरी आधी नावावरूनच तिचा निवाडा होऊन गेला होता. गणपत तिच्याकडे दोन प्रकारे पाहू शकत होता. धाडीच्या रात्री सापडलेली एक आरोपी, एवढीच तिची नोंद करून त्याला पुढे जाता आले असते. त्याने तिला माणूस म्हणून ओळखले. बोलपटाचे नाव कोणाला उद्देशून आहे, शिपायाला की मैनेला, असा वाद होऊ शकेल. दोघांनाही, असेच उत्तर द्यावे लागेल. एक गणवेशाखालचा माणूस, दुसरी शिक्क्याखालची.

ह्याच्या चव्वेचाळीस वर्षांनंतर, १९८३ मध्ये, आणखी एक पोलीस पडद्यावर आला. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' ह्या मराठी कथेवरून गोविंद निहलानी ह्यांनी 'अर्धसत्य' हा हिंदी चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातील सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर हा पोलिसाचाच मुलगा आहे. वरून येणारा दाब आणि आतून चढणारा संताप ह्यांच्या कात्रीत सापडून तो कोठडीतील एका माणसाला मरेपर्यंत मारतो, आणि शेवटी एका गुंड पुढाऱ्याचा जीव घेऊन स्वतः ठाण्यात हजर होतो. गणपतला कायदा मोडावासा वाटला तो मायेने, आणि त्याला अडविणारे कोणी तरी होते. वेलणकरने कायदा मोडला तो क्रोधाने, आणि त्याला अडवील असे त्याच्याभोवती कोणी उरले नव्हते. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते: गणवेशातील माणूस समाजापासून तुटला की त्याच्या हाती केवळ दंडा उरतो.

प्रभात कंपनी १९५३ मध्ये बंद झाली. तिच्या स्टुडिओच्या जागेवर पुढे चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था आली, आणि १९६४ मध्ये पुण्यातच जुन्या चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झाले. 'माणूस' आजही पाहावयास मिळतो. बारामती-इंदापूरकडील प्रेक्षकाने तो अवश्य पाहावा, आणि पाहताना खून कोणी केला ह्यापेक्षा शिपायाचे डोळे कोठे लागले आहेत इकडे ध्यान द्यावे. गुन्हा शोधून काढणारा हुशार अधिकारी प्रत्येक जिल्ह्याला हवा, ह्यात वाद नाही. परंतु तो आला म्हणजे काही तरी आधीच बिघडून गेलेले असते. रात्री गावातून चालत जाणारा, कुत्र्यांनाही ओळखीचा झालेला, कोणाच्या घरी दिवा उशिरापर्यंत का जळतो आहे ह्याची संशयाने नव्हे तर काळजीने चौकशी करणारा शिपाई ज्या गावाला लाभला, त्या गावात डिटेक्टिव्हाला काम कमी पडते. त्या शिपायावर बोलपट क्वचितच निघतात. प्रभातने एक काढला, आणि त्याला शोभेसे नाव दिले.